प्रतिपिंड कुणाच्या रक्तात शोधायचे?

कर्करोगाच्या रुग्णाच्या रक्तातून प्रतिकारपेशी वेगळ्या काढायच्या, त्यांतली कोणती पेशी गाठीला ओळखते ते शोधायचे, आणि ती जे प्रतिपिंड (अँटिबॉडी) बनवते त्याचे औषध करायचे, असे संशोधन आज जगातल्या मोजक्या प्रयोगशाळांत चालू आहे. त्याचा विषय निघाला की आपल्याकडचा सुशिक्षित माणूसही हमखास म्हणतो, 'जव्हार-मोखाड्यात मुले कुपोषणाने मरतात, तिथे या गोष्टींचे काय?' बोलण्यात कळवळा असतो, म्हणून ते तपासून पाहायला कुणी धजत नाही. मला ते उथळ वाटते. त्यामागे असे गृहीत आहे की माणसाच्या गरजा रांगेत उभ्या असतात: आधी अन्न, मग रस्ता, मग डॉक्टर, मग औषध आणि सगळ्यांच्या शेवटी विज्ञान. शेवटचा नंबर लागेपर्यंत त्या माणसाने विज्ञानाचे नाव काढायचे नाही.

माझे म्हणणे याच्या उलट आहे. रुग्णाच्या पेशींतून प्रतिपिंड शोधण्याच्या शास्त्रात 'कुणाचे शरीर पाहिले' हा प्रश्न शास्त्राच्या गाभ्यातला आहे. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यासारखे आदिवासी तालुके वगळले तर ते शास्त्रच अपुरे राहते. दुसरे असे की या तालुक्यांतून एक नमुना नीट घ्यायचा तर जी व्यवस्था उभी करावी लागते, तिनेच तिथल्या रुग्णाला वेळेवर निदान मिळते. ही दोन्ही विधाने मी टप्प्याटप्प्याने सिद्ध करू पाहणार आहे. त्यांना एक अटही आहे, आणि ती कायद्यातल्या एका पोकळीशी जोडलेली आहे.

१. शोध आधी शरीर लावते

प्रतिपिंडांच्या औषधांची सुरुवात उंदरापासून झाली. १९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्जेस कोलर आणि सेझार मिल्स्टीन यांनी उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि कर्करोगाची अमर पेशी यांचा संकर केला. त्यामुळे एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके मिळू लागले. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. रक्ताच्या कर्करोगावरचे रिटुक्सिमॅब १९९७ मध्ये आले, स्तनाच्या कर्करोगावरचे ट्रास्टुझुमॅब १९९८ मध्ये. दोन्हींचे मूळ उंदराच्या प्रतिपिंडात आहे, पुढे त्यांना कमीअधिक प्रमाणात मानवी रूप दिले गेले. या पद्धतीत लक्ष्य शास्त्रज्ञ ठरवतो. गाठीच्या पेशीवरचे अमुक प्रथिन घातक आहे असा त्याचा तर्क असतो, ते प्रथिन तो उंदराला टोचतो आणि उंदीर प्रतिपिंड बनवतो. म्हणजे माणसाला जे आधी सुचले तेवढेच त्यातून सापडू शकते.

रुग्णाच्या पेशींपासून सुरुवात केली की हा क्रम उलटतो. आपल्या रक्तात, लसीका ग्रंथींत आणि अस्थिमज्जेत बी-पेशी असतात. प्रत्येक बी-पेशी एकाच घडणीचे प्रतिपिंड बनवते. जनुकांचे मोजके तुकडे वेगवेगळ्या रीतीने जुळवून शरीर कोट्यवधी घडणी कशा तयार करते, हे सुसुमु तोनेगावा यांनी दाखवले. १९८७ चे नोबेल त्यांना त्यासाठी मिळाले. एखादी परकी किंवा बिघडलेली वस्तू समोर आली की तिच्याशी थोडीशी जुळणारी बी-पेशी लसीका ग्रंथीत शिरते, तिथे तिच्या जनुकात मुद्दाम लहान लहान बदल होतात, आणि जी बदललेली पेशी अधिक घट्ट चिकटते तीच टिकते. ही निवड आठवडेच्या आठवडे चालते. कर्करोगाच्या कित्येक रुग्णांत ती गाठीच्या आतच घडते. काही गाठींत लसीका ग्रंथीसारखी रचना तयार होते, तिथे बी-पेशी गोळा होतात, आणि ज्यांच्या गाठीत अशी रचना आहे त्यांना प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या औषधांचा गुण जास्त येतो, हे २०२० मध्ये 'नेचर'मध्ये एकाच वेळी छापलेल्या तीन शोधनिबंधांनी पुढे आणले.

प्रयोगशाळेचे काम इथून सुरू होते. रक्त किंवा गाठीचा तुकडा घ्यायचा, बी-पेशी एकेक करून वेगळ्या करायच्या, प्रत्येकीच्या प्रतिपिंडाच्या जड आणि हलक्या साखळीचे जनुक वाचायचे, ते दुसऱ्या पेशींत घालून प्रतिपिंड तयार करायचे, आणि मग ते गाठीच्या पेशीला चिकटते का, निरोगी ऊतीला चिकटत नाही ना, हे पाहायचे. सर्वांत अवघड काम शेवटी येते: ते नेमके कशाला चिकटले ते ओळखणे. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांना दिसले की फुप्फुसाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या आणि तो न पसरलेल्या काही रुग्णांच्या रक्तात 'कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच' या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे आहेत. हे प्रथिन गाठीच्या पेशीला शरीराच्या माऱ्यापासून वाचवते. त्या रुग्णांच्या बी-पेशींतून काढलेले प्रतिपिंड पुढे माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचले. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०२२ मध्ये बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या गाठींतून अशीच प्रतिपिंडे काढली आणि ती कशी घडत गेली याचा माग लावला.

इथे एक रास्त शंका येते. शरीराला शत्रू सापडला होता, तर कर्करोग झालाच कसा? सापडणे वेगळे आणि पुरे पडणे वेगळे. प्रतिपिंड उशिरा तयार झालेले असते, कमी असते, किंवा गाठ आपल्याभोवती असे वातावरण तयार करते की मारा करणाऱ्या पेशी तिथे निष्प्रभ होतात. प्रयोगशाळा शरीराला प्रमाण, वेळ आणि बळ पुरवते. या वाटेने निघालेली बहुतेक प्रतिपिंडे औषध होत नाहीत, मोठ्या आशेने स्थापन झालेल्या कंपन्या बंदही पडल्या आहेत, हे लपवण्याचे कारण नाही. तरी मूळ मुद्दा उरतोच. या पद्धतीत शोध रुग्णाच्या शरीराने आधीच लावलेला असतो. शास्त्रज्ञ तो वाचतो.

२. कुणाकडे पाहिले, त्यावर काय सापडते ते ठरते

हे मान्य केले की पुढचे पाऊल टाळता येत नाही. वाचायचे शरीर कोणते?

२०१६ मध्ये केनियातल्या, वर्षानुवर्षे मलेरियाला तोंड देणाऱ्या भागातल्या माणसांच्या रक्तात एक अनपेक्षित प्रतिपिंड सापडले. त्याच्या जनुकात 'लेअर-१' नावाच्या, भलत्याच गुणसूत्रावरच्या जनुकाचा अख्खा तुकडा शिरला होता, आणि त्यामुळे ते मलेरियाच्या जंतूच्या अनेक जातींना ओळखत होते. माणसाचे शरीर असेही प्रतिपिंड घडवू शकते, हे तोवर कुणाच्या ध्यानात आले नव्हते. युरोप-अमेरिकेतल्या रक्तपेढ्यांत कितीही शोधले असते तरी ते हाती लागण्याची शक्यता नव्हती, कारण ज्या संघर्षातून ते घडले तो संघर्ष तिथल्या शरीरांनी केलेलाच नाही.

दुसरे उदाहरण काँगोचे. १९९५ मध्ये किक्विट शहरात इबोलाची साथ आली. तिच्यातून वाचलेल्या एका माणसाच्या रक्तातून अकरा वर्षांनी बी-पेशी काढल्या, आणि त्यांतल्या एका प्रतिपिंडातून 'अन्सुविमॅब' हे औषध झाले. २०१८-१९ मध्ये काँगोतच झालेल्या चाचणीत ते मिळालेल्या रुग्णांपैकी सुमारे ३५ टक्के दगावले. आधीचे औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास होते. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेने त्याला मान्यता दिली. एका वाचलेल्या माणसाचे शरीर इतके मोलाचे ठरले, म्हणून 'या तालुक्यांची लोकसंख्या ती किती, रुग्ण ते किती' हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. २०११ च्या जनगणनेत जव्हार आणि मोखाडा मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे होती. प्रतिपिंड शोधायला लाखो रुग्ण लागत नाहीत. मोजके, नीट नोंदलेले, नीट जपलेले नमुने लागतात.

तिसरे उदाहरण जव्हार-मोखाड्याच्या दवाखान्यातलेच आहे. सर्पदंशावरचे इंजेक्शन म्हणजे घोड्याच्या रक्तातली प्रतिपिंडे. भातशेतीच्या मुलखात त्यांचे मोल सांगायला नको. हे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनते, आणि ते विष बरीच वर्षे मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येत आले आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रांताप्रांतात बदलते. त्यामुळे एका भागातल्या विषावर बनवलेले प्रतिविष दुसऱ्या भागातल्या दंशावर कमी पडते, हे भारतीय शास्त्रज्ञांच्याच अभ्यासांत दिसले आहे. नमुना कुठून घेतला यावर औषधाचा गुण ठरतो, याचा इतका ढळढळीत पुरावा हाताशी असताना कर्करोगाच्या बाबतीत मात्र 'शरीर सगळीकडे सारखेच' असे मानून चालण्याला मी आळस म्हणतो.

३. या दोन तालुक्यांतली शरीरे काय काय सोसतात

जव्हार आणि मोखाडा हे पूर्ण तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतले अनुसूचित क्षेत्र आहेत. दहांपैकी नऊ माणसे आदिवासी: वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी. शेती पावसावरची, भाताची आणि माळावरच्या नागली-वरईची. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे भिवंडी, वसई, वाड्याच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. या जगण्याची नोंद शरीर ठेवते. आईच्या पोटात असतानाची उपासमार, बालपणीचे जंत, पावसाळ्यातला ताप, घरातल्या कुणाचा तरी क्षय, भट्टीचा आणि चुलीचा धूर, लहान वयापासूनची मशेरी.

प्रतिकारशास्त्राला यातल्या एकेका गोष्टीचा परिणाम थोडाफार ठाऊक आहे. तीव्र कुपोषणात टी-पेशी घडवणारी थायमस ग्रंथी आक्रसते. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमध्ये वारंवार मलेरिया झालेल्या माणसांच्या रक्तात एक वेगळ्याच धाटणीच्या स्मृती बी-पेशी मोठ्या प्रमाणात सापडल्या. पण हे सगळे एकाच देहात एकत्र आले आणि वर त्याला कर्करोग झाला, तर त्या देहाच्या बी-पेशी गाठीकडे कशा पाहतात? त्या दुबळ्या असतील. एखाद्या बाबतीत जास्त तयारीच्याही असतील. कर्करोगाची प्रतिकारपेशींवर आधारलेली औषधे ज्या रुग्णांवर घडली, त्यांत हा देह जवळपास नाहीच. आणि तरीही त्या औषधांचे डोस, त्यांचे दुष्परिणाम आणि 'कुणाला लागू पडेल' याचे निकष त्याच्यावर जसेच्या तसे लावले जातात.

दोन कर्करोगांकडे इथे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. एक गर्भाशयमुखाचा. तो एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, म्हणजे गाठीच्या पेशीत परके प्रथिन असते आणि ते ओळखणे शरीराला तुलनेने सोपे असते. २०२१ मध्ये एमरी विद्यापीठातल्या संशोधकांनी याच विषाणूमुळे झालेल्या घशाच्या गाठींत डोकावून पाहिले, तेव्हा गाठीतल्याच बी-पेशी विषाणूच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे बनवताना आढळल्या. बी-पेशी तिथेही असेच करतात का, हा प्रश्न आदिवासी स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीबाबत विचारायला हवा. दुसरा कर्करोग तोंडाचा, त्यातही गाल आणि हिरडीचा. आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुक प्रकल्पात भारताने हाच कर्करोग निवडला. कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि खारघरचे टाटा स्मारकाचे 'अ‍ॅक्ट्रेक' केंद्र यांनी मिळून २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपला आजार आपण वाचला नाही तर दुसरे कुणी वाचणार नाही, या जाणिवेतून ती निवड झाली असेल तर ती अचूक होती. तीच जाणीव अजून खाली, तालुक्यापर्यंत जायला हवी.

४. नमुन्याचा रस्ता आणि निदानाचा रस्ता एकच आहे

आता माझ्या म्हणण्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. जिवंत बी-पेशी हव्या असतील तर रक्त एका दिवसाच्या आत प्रयोगशाळेत पोचावे लागते, आणि पुढे जपायचे तर द्रव नायट्रोजनमध्ये, शून्याखाली १९६ अंशांवर. गाठीचा तुकडा त्याहून नाजूक. हे मोखाड्यातल्या एखाद्या पाड्यावरून करायचे म्हणजे काय काय लागेल?

तोंडातली न भरणारी जखम किंवा अंगावरून जाणारे अवेळी रक्त, हे पाड्यावरच्या आशाताईला ओळखता यावे लागेल. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला संशय आल्यावर रुग्णाला मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात पाठवण्याची गाडी लागेल. तिथे तुकडा काढणारा हात लागेल. तुकडा आणि रक्त थंड पेटीतून त्याच दिवशी टाटा स्मारकाच्या परळच्या रुग्णालयात किंवा खारघरच्या केंद्रात नेणारी सोय लागेल. रुग्णाचे नाव, पाडा, भट्टीचा पत्ता आणि नातेवाइकाचा फोन यांची नोंद लागेल, कारण दिवाळीनंतर तो घरी सापडणार नाही. अहवाल आल्यावर तो त्याला त्याच्या बोलीत सांगणारे माणूस लागेल.

ही यादी पुन्हा वाचून पाहावी. थंड पेटी आणि त्याच दिवसाची घाई सोडली, तर तिच्यात अशी एकही गोष्ट नाही जी निव्वळ संशोधनासाठी लागते. बाकी प्रत्येक गोष्ट निदानासाठी लागतेच. जव्हारहून नाशिक सुमारे ऐंशी किलोमीटर, मुंबई दीडशेच्या आसपास. आज रुग्ण हे अंतर स्वतःच्या अंगावर घेतो, मजुरी बुडवून, उसनवारी करून, आणि बहुतेकदा गाठ फार वाढल्यावर. नमुना वेळेत पोचवण्याची सक्ती व्यवस्थेवर आली, तर तेच अंतर तुकडा आणि कागद कापतील. माणूस उपचारापुरता जाईल.

हे मनोराज्य नाही, याला महाराष्ट्रातच आधार आहे. १९८७ मध्ये बार्शीला ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. हेतू फक्त मोजण्याचा होता. पण खेड्यांत रुग्ण आपणहून दवाखान्यात येत नाहीत, म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलू लागले, लक्षणे समजावू लागले. पुढे दिसून आले की त्या भागात गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यात निदान होण्याचे प्रमाण वाढले. मोजायला गेलेल्या माणसांनी निदान लवकर आणले. त्यानंतर उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, एक लाख एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ मध्ये जाहीर झाले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारकाने सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात प्राथमिक प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी व्हिनेगरमधल्या अ‍ॅसेटिक आम्लाने तपासणी केली. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हे २०१३ मध्ये पुढे आले. या दोन्ही अभ्यासांत तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना तपासणी दिली गेली नाही आणि त्यावर कडक टीका झाली. ती टीका योग्य होती. संशोधनाने सेवा येते हे जितके खरे, तितकेच कुणाला तिच्यापासून दूर ठेवले गेले हेही विचारायलाच हवे.

५. आक्षेप: 'आधी कुपोषण'

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ मध्ये महाराष्ट्र हादरला. त्यानंतर समित्या झाल्या, योजना आल्या, न्यायालयाने आदेश दिले, २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हाही झाला. कुपोषण अजून संपलेले नाही. तीन दशकांचा हा अनुभव 'आधी हे, मग ते' या क्रमाच्या बाजूने साक्ष देत नाही. या काळात तिथल्या कर्करोगाच्या रुग्णांचा नंबर अन्नाच्या मागे राहिला म्हणून अन्न लवकर पोचले, असे कुणाला दाखवता येणार नाही. पोषणाचा पैसा काढून तो संशोधनाला द्या असे मी म्हणत नाही. त्यातला एक रुपयाही हलवण्याला माझा विरोध राहील. पण कर्करोग संशोधनाला मिळणारा जो पैसा आज परळ, खारघर, पवई आणि पुण्याच्या आसपास खर्च होतो, त्यातला काही भाग नमुन्याच्या रस्त्यावर खर्च व्हावा, यात कुपोषित मुलाच्या ताटातले काहीच कमी होत नाही. उलट जी गाडी आणि जी नोंदवही त्या रस्त्यासाठी तयार होईल, ती बाळंतिणीलाही उपयोगी पडेल.

६. आक्षेप: 'औषध झाले तरी परवडणार कुणाला?'

हा आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तरही संशोधनातूनच आले आहे. निवोलुमॅब हे प्रतिकारशक्तीवरचा लगाम काढणारे प्रतिपिंड. त्याचा प्रचलित डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅमच्या घरातला. टाटा स्मारकाच्या डॉक्टरांनी डोके आणि मानेच्या वाढलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी घेतली आणि तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला ते तीन आठवड्यांतून फक्त २० मिलिग्रॅम दिले. एक वर्षानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. दहाव्या हिश्शाहूनही कमी औषधात हा गुण येतो, हे शोधून काढण्याची गरज महागडे औषध विकणाऱ्याला कधीच पडली नसती. ज्यांचे रुग्ण गरीब आहेत त्यांनाच ती पडली.

रुग्णाच्या स्वतःच्या टी-पेशी बदलून रक्ताच्या कर्करोगावर सोडण्याचे 'नेक्सकार-१९' हा उपचारही आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या कामातून उभा राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा हा उपचार इथे तीस-चाळीस लाखांच्या घरात आला. मोखाड्यातल्या माणसाला चाळीस लाख आणि चार कोटी सारखेच, हे मला मान्य आहे. पण किमतीचा प्रश्न औषध दुसऱ्याच्या हाती असताना सुटत नाही. ज्याचा शोधात वाटा असतो त्याला किमतीवर बोलता येते. आणि ज्याच्या शरीरातून शोध निघतो त्याला तो वाटा आज कायद्याने दिलेला नाही. त्या पोकळीकडे आता येतो.

७. आक्षेप: 'आदिवासींवर प्रयोग करणार?'

माझ्या मते सर्वांत गंभीर आक्षेप हाच, आणि त्याला हलके उत्तर देणे म्हणजे अपमान आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत एका परदेशी संस्थेच्या पुढाकाराने मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यांत आदिवासी मुलींची संख्या मोठी होती. कित्येकींच्या संमतीच्या कागदावर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. प्रकल्पाच्या काळात दगावलेल्या काही मुलींचे मृत्यू लसीमुळे झाले नसल्याचा निष्कर्ष निघाला, तरी प्रकल्प २०१० मध्ये थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर अत्यंत कठोर अहवाल दिला. आश्रमशाळा जव्हार-मोखाड्यातही आहेत. म्हणून भीती निराधार नाही.

पण या उदाहरणातून निघणारा निष्कर्ष 'आदिवासींकडे जाऊच नका' असा नाही. त्या प्रकरणात दोष संमती दुसऱ्याच्या हातून उरकण्याचा होता. वगळणे हीही एक हानीच आहे. तिचा अहवाल कुणी लिहीत नाही, एवढाच फरक. आणि रुग्णाच्या पेशींतून प्रतिपिंड शोधण्यात रुग्णाला काहीही टोचले जात नाही. त्याच्याकडून घेतले जाते. त्यामुळे इथला धोका देहाच्या इजेपेक्षा हक्काच्या चोरीचा अधिक आहे.

या चोरीला आपल्या कायद्याने दार उघडे ठेवले आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार जंगलातली वनस्पती, तिची मुळी, तिच्यातले द्रव्य ही जैविक संपत्ती आहे. कंपनीने त्यातून औषध केले तर स्थानिक समाजाला लाभाचा वाटा देण्याची तरतूद आहे. पण त्याच कायद्यातल्या जैविक संपत्तीच्या व्याख्येतून मानवी जनुकीय सामग्री स्पष्टपणे वगळली आहे. म्हणजे जव्हारच्या जंगलातल्या कंदावर तिथल्या समाजाचा काही हक्क कायदा मानतो. त्याच माणसाच्या रक्तातल्या बी-पेशीवर मानत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नीतिसूत्रांत जैविक नमुन्यांतून मिळणाऱ्या लाभाच्या वाटपाचा आणि आदिवासी समाजांच्या विशेष संरक्षणाचा विचार आहे, पण तो पाळला गेला नाही तर पाड्यावरच्या माणसाने कुणाकडे दाद मागायची? अनुसूचित क्षेत्रांना लागू असलेल्या 'पेसा' कायद्याने ग्रामसभेला गौण वनोपजावर अधिकार दिला, जमिनीबाबत म्हणणे मांडण्याचा हक्क दिला. रक्ताचा विचार तो कायदा लिहिताना कुणाच्या मनात नव्हता.

८. अट

म्हणून जव्हार-मोखाड्यातून नमुने घेतले जावेत, असे मी आग्रहाने म्हणतो, आणि तितक्याच आग्रहाने म्हणतो की पुढील गोष्टी आधी कागदावर याव्यात. संमती रुग्णाचीच, त्याच्या बोलीत समजावून, नातेवाइकांसमोर, आणि नाही म्हटले तर उपचारात तसूभर फरक पडणार नाही या लेखी हमीसह. नमुन्यांची योजना प्रत्येक गावच्या ग्रामसभेपुढे मांडली जावी, आणि नामंजूर करण्याचा तिचा अधिकार मान्य असावा. ज्याचा नमुना गेला त्याचा निदान-अहवाल ठरलेल्या दिवसांत पाड्यावर परत यावा, आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी नमुना नेणाऱ्या संस्थेने घ्यावी, मग त्याच्या पेशींत काही सापडो वा न सापडो. त्या नमुन्यातून प्रतिपिंड निघाले आणि त्याचे पेटंट झाले, तर परवान्याच्या करारातच महाराष्ट्राच्या सरकारी रुग्णालयांसाठी किंमत बांधून घ्यावी आणि उत्पन्नाचा वाटा त्या तालुक्याच्या आरोग्यावर खर्च व्हावा. केरळात काणी आदिवासींच्या माहितीतून बनलेल्या 'जीवनी' या औषधाच्या परवान्यातला अर्धा वाटा त्या समाजाला देण्याचा करार १९९० च्या दशकातच झाला होता. हे अशक्य म्हणणाऱ्यांनी तो पाहावा.

टाटा स्मारक, आयआयटी, पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळा आणि राज्याचा आदिवासी विकास विभाग यांना माझे सांगणे आहे की त्यांनी जव्हारला यावे, लवकर यावे. आणि इथल्या ग्रामसभांना विनंती आहे की त्यांनी या लोकांना दारातून परत पाठवू नये, पण वरचा करार सहीशिक्क्यासह हातात पडेपर्यंत रक्ताची एक कुपीही तालुक्याबाहेर जाऊ देऊ नये.